फाटकापर्यंतचा शब्द

आनिस संटरला त्या शब्दाबद्दल विचारले गेले तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ रूबेन डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, पाच मैलांवर, मेंढ्या राखत होता. चाळीस वर्षांत दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. त्या काळात दोन युद्धे येऊन गेली, खोऱ्यात मोटारी आल्या, चॅपलमध्ये, गावच्या साध्या प्रार्थनाघरात, येणारी माणसे साठावरून नवावर आली. यांपैकी कशाचाही या दोघांमधल्या पाच मैलांवर परिणाम झाला नाही. आपल्यापैकी एक जण मरण्याआधी आपण त्याच्याशी बोलू शकू का, हा एकच प्रश्न आनिसच्या आयुष्यात शिल्लक होता, आणि तो तिने कोणाजवळही काढला नव्हता.

शब्दाबद्दल विचारणाऱ्या गृहस्थांचे नाव लोमॅक्स. पन्नाशीला टेकलेले, शिक्षकासारखे दिसणारे. विद्यापीठाने त्यांना यॉर्कशायरच्या उत्तरेकडच्या खेड्यांत पाठवले होते. बोली बोलणारी म्हातारी माणसे संपण्याआधी त्यांचे शब्द उतरवून घ्यायचे होते. त्यांना हवे असलेले माणूस साठीच्या पुढचे असावे, जन्मभर याच भागात राहिलेले असावे आणि त्याचे स्वतःचे दात शाबूत असावेत, कारण कवळीने उच्चार बिघडतो. १९५३ च्या सप्टेंबरात ते रेव्हनबेकला आले आणि टपाल कार्यालयात त्यांनी चौकशी केली. तिथल्या बाईंनी त्यांना लगेच आनिसचे घर दाखवले. "दात उत्तम आहेत तिचे," त्या म्हणाल्या. "बोलायला कोणी नसतं ना, झिजणार कसे?"

चार दिवस लोमॅक्स तिच्या स्वयंपाकघरात बसले. खिडकीतून एखाद्या वस्तूकडे बोट दाखवावे आणि तिला काय म्हणतात ते विचारावे, अशी त्यांची पद्धत होती. गडग्यातून मेंढरे जाण्यासाठी ठेवलेल्या भोकाला काय म्हणतात, गवताच्या लहान ढिगाला काय, मोठ्याला काय, दोन्हींच्या मधल्याला काय. आनिस उत्तरे देई आणि ते वहीत लिहीत. आयुष्यात कोणी तिला इतके प्रश्न विचारले नव्हते. तिसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यासाठी फळांचा केक आणि चीज काढून ठेवू लागली, आणि त्यांना मास्तर म्हणू लागली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, माणसांच्या वागण्याचे प्रकरण निघाले. लोमॅक्सनी वहीतले अर्धे वाक्य वाचले. ते पुरे करायचे काम तिचे होते: बाजारातून परतणाऱ्या माणसाने थोडी जास्त घेतली असेल, तर तो कसा आहे असे तुम्ही म्हणता?

आनिस उठली. शेगडीत नुकताच कोळसा घातलेला होता, तरी तिने आणखी घातला.

"आमच्याकडे असा माणूस नव्हता," ती म्हणाली.

लोमॅक्सनी उत्तराच्या जागी एक आडवी रेघ मारली.

तो शब्द खोऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. तो शब्द म्हणजे फ्रेश. आपल्या मराठी घरांत पाहुण्याला फ्रेश व्हा म्हणतात तेव्हा त्याला न्हाणीघराची वाट दाखवतात. रेव्हनबेकमध्ये फ्रेश माणसाला घराची वाट दाखवावी लागते. इंग्रजीत प्यालेल्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. परंतु 'ड्रंक' हा शब्द खोऱ्यात कोर्टाचा, पोलिसाचा आणि व्यासपीठाचा मानला जाई. तो उच्चारणारा माणूस दूर उभा राहून निकाल देतो. फ्रेश हा शब्द दूर उभे राहून वापरता येत नसे. ज्याचे पाय अजून त्याच्या ताब्यात आहेत पण जीभ आणि हसू सुटले आहे, अशा पुरुषाबद्दलच तो वापरत. जो रस्त्यात पडला त्याच्याबद्दल नाही. त्या माणसाच्या तोंडावर नाही. बाईबद्दल तर कधीच नाही. आणि चार लोकांसमोर ज्याने तो उच्चारला, त्याने त्या माणसाला घरी नेऊन पोचवले पाहिजे, असा अलिखित नियम होता. शब्द उच्चारून निघून जाता येत नसे.

पोचवणारा आत जात नसे. फाटकाशी थांबून तो घरातल्या बाईला सांगे की तुमचा माणूस आणला आहे, जरा फ्रेश आहे. बाईने आतून म्हणायचे, मग चहा गडद करते. एवढ्यावर व्यवहार मिटे. त्या संध्याकाळी काय बोलले गेले, काय सांडले, कोण रडले, हे पुढे कोणीही काढत नसे. पिणाऱ्याची लाज तिघांत वाटली जाई आणि प्रत्येकाच्या वाट्याला सोसवेल एवढीच येई. ज्या समाजात चॅपल दारूला महापाप म्हणत होते आणि बाजार दारूवाचून चालत नव्हता, त्या समाजाने या एका शब्दाच्या आधारे दोन्ही सांभाळले होते. हे कोणी ठरवून केले नव्हते, आणि म्हणूनच ते शिकवण्याची सोयही कुठे नव्हती.

आनिसची आई ती बारा वर्षांची असताना गेली. वडील दारू शिवत नसत. त्यामुळे तिच्या घराच्या फाटकाशी येऊन हा शब्द उच्चारण्याची वेळ कोणावर आली नाही, आणि गडद चहाचे उत्तर तिने इतरांच्या घरी ऐकले असले तरी कधी दिलेले नव्हते. वडील गेल्यावर ती आणि रूबेन मिळून शेत आणि मेंढ्या पाहू लागले. ती सव्वीस वर्षांची होती, तो तेवीसचा. तिचे अक्षर सुंदर होते. म्हणून १९१२ च्या उन्हाळ्यात चॅपलने तिच्याकडे शपथपट सोपवला. दारूला स्पर्श करणार नाही अशी शपथ घेतलेल्यांची नावे त्या मोठ्या कागदावर लिहिलेली असत आणि तो चौकटीत घालून भिंतीवर लावलेला असे. जुना पट कसरीने खाल्ला होता. आनिसने तीन आठवडे बसून सगळी नावे नव्या कागदावर उतरवली. रूबेनचे नाव अठ्ठाविसावे होते.

त्या ऑक्टोबरात रूबेनने आपला पहिला मेंढा विकायला नेला. तीन वर्षे त्याने त्याला वाढवले होते, धुऊन, विंचरून, छातीला गेरू लावून तयार केले होते. लिलावात मेंढा चांगला गेला. सौदा झाल्यावर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने मेंढ्याच्या नावाने एकत्र प्यायचे असते. न पिणे म्हणजे जनावरात खोट आहे हे विकणाऱ्याने स्वतः कबूल करणे. रूबेन प्यायला. एकाच्या नावाने प्यायल्यावर मेंढ्याच्या बापाच्या नावानेही प्यावे लागले. मग शेजारचा जोनास आयव्हसन पबमध्ये उठून उभा राहिला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला की रूबेन जरा फ्रेश आहे, मी निघतो. चार मैल त्याने रूबेनला चालवत आणले आणि फाटकाशी उभे राहून हाक मारली.

"आनिस, तुमचा रूबेन आणलाय गं. जरा फ्रेश आहे."

आनिस दारात आली. ती काहीच बोलली नाही. जोनास थोडा वेळ थांबला, त्याने टोपी सारखी केली आणि तो गेला.

त्या संध्याकाळी रूबेन स्वयंपाकघरात गाणी म्हणत होता. त्याने केरसुणीला हाताशी धरून नाच केला. मेंढ्याची नक्कल केली, लिलाव पुकारणाऱ्याची नक्कल केली, आणि खुर्चीत बसून वडिलांची आठवण काढून रडला. त्याने काही मोडले नाही की कोणाला दुखावले नाही. आनिसने त्याला इतका आनंदात कधी पाहिले नव्हते. त्या आनंदात आपल्याला जागा नाही असे तिला वाटले. पुढे कित्येक वर्षांनी तिने स्वतःशी हे कबूल केले. त्या दिवशी ती स्वतःला एवढेच सांगत होती की शपथ मोडली आहे.

डिसेंबरात चॅपलची तिमाही सभा झाली. प्रथा अशी होती की फिरते उपदेशक पटावरचे एकेक नाव वाचत आणि प्रत्येक नावानंतर एक श्वासभर थांबत. कोणाला काही सांगायचे असेल तर त्याने त्या वेळात सांगावे. चाळीस वर्षांत त्या विरामात कोणी तोंड उघडले नव्हते. बाकांवर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी कोणाला तरी घरी पोचवले होते. आनिसला तो विराम प्रश्न वाटला. आपल्या हाताने लिहिलेला पट खोटा राहू नये असे तिला वाटले. अठ्ठाविसावे नाव वाचले गेले तेव्हा ती उठली.

"तो प्यालेला होता," ती म्हणाली. तिने चॅपलचा, व्यासपीठाचा शब्द वापरला.

रूबेन तिसऱ्या बाकावर होता. उपदेशकांनी त्याला विचारले. त्याने होय म्हटले. जोनास आयव्हसन त्याच्या मागेच बसला होता; त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, पण त्याने त्या दिवशी उच्चारलेला शब्द आता खोटा ठरला होता आणि हे सर्वांना समजत होते. नियमाप्रमाणे नावावर लाल शाईची रेघ मारायची होती. पट आनिसकडे होता. रेघ तिनेच मारली, पट्टी लावून, सरळ.

घरी रूबेन तिच्याशी भांडला नाही. त्याने हिवाळाभर मेंढ्यांना चारा घातला, वसंतात कोकरांची निगा केली, आणि मे महिन्यात गडी ठरवण्याच्या बाजाराला जाऊन पलीकडच्या खोऱ्यातल्या एका शेतावर चाकरी धरली. निघताना त्याने कात्री, काठी आणि वडिलांचे घड्याळ घेतले. घड्याळ नेऊ का, असे विचारले. ती 'ने' म्हणाली. हे त्यांचे शेवटचे बोलणे.

खोऱ्याने आनिसला काही शिक्षा केली नाही. मेंढ्यांची लोकर कापायला माणसे येत, ती आजारी पडली तेव्हा बायकांनी सूप आणून दिले, तिच्या गडग्याचे पडलेले दगड कोणीतरी न सांगता रचून जाई. फक्त ती दुकानात शिरली की चाललेले बोलणे हवेकडे आणि गवताकडे वळे. तिच्यासमोर कोणीही कोणाबद्दल तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. ती खरे बोलली होती, आणि खरे बोलणाऱ्या माणसापासून जपून राहण्याचा प्रत्येकाला हक्क होता. अशा वाळीत टाकण्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, कारण त्यात टाकणारा असा कोणी नसतो. कळप तिने पुढे विकून टाकला. अंडी आणि लोणी ती माल नेणाऱ्या गाडीवाल्याबरोबर बाजारी पाठवी, स्वतः क्वचित जाई. रूबेनला तिने दोनदा लांबून पाहिले. दोन्ही वेळा ती कापडाच्या दुकानात शिरली.

हे सगळे लोमॅक्सना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वहीत रेघ मारून ते पुढच्या प्रश्नाकडे वळणार होते. पण रिकामी जागा त्यांना सहन होत नसे, म्हणून ते जाता जाता म्हणाले की पलीकडच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्या धनगराने या जागी एक चांगला शब्द दिला होता.

आनिसने विचारले, "काय म्हणाला तो?"

"शब्द मी तुम्हाला सांगू शकत नाही, मिस संटर. मग तुमचं उत्तर तुमचं राहणार नाही. पण तो म्हणाला, नुसता शब्द लिहून उपयोग नाही, त्याच्याबरोबर चालावं लागतं. त्या म्हाताऱ्याबद्दल म्हणे तो शब्द एकदाच वापरला गेला, आणि ज्यानं वापरला त्यानं त्याला चार मैल चालवत घरी आणलं."

आनिसने शेगडीचे दार लावले.

"दात आहेत त्याला?"

"आहेत की. नाहीतर मी त्याला निवडला नसता."

"वरचा पुढचा एक, कोपऱ्यात तुटलेला?"

लोमॅक्स हसले. माणसांची नावे सांगण्याची मुभा नाही, पण दातांबद्दल नियमांत काही लिहिलेले नाही, असे म्हणून त्यांनी मान हलवली. तो दात आठ वर्षांच्या रूबेनने चॅपलच्या पायरीवर पडून तोडला होता. तेव्हा आनिसच त्याला उचलून घरी घेऊन आली होती.

तो बाजाराला येतो का, एवढेच तिने विचारले. ऑक्टोबरातल्या मेंढ्यांच्या विक्रीला न चुकता येतो असे तो म्हणाला होता, लोमॅक्सनी सांगितले. उरलेल्या जागा भरायला मी नोव्हेंबरात पुन्हा येईन, असे सांगून ते गेले.

त्यानंतरचे पाच आठवडे आनिसने एक गोष्ट मनात ठरवण्यात घालवली. क्षमा कशी मागावी हे तिला येत नव्हते, आणि मागितली तर रूबेनला ती घेता आली नसती. त्या घरात ते कोणी शिकलेच नव्हते. पण मेंढ्यांच्या विक्रीच्या दिवशी तो पबमधून बाहेर येईल. जरा फ्रेश असेल. तेव्हा जो कोणी जवळ उभा असेल त्याला ऐकू जाईल असे ती म्हणेल की आमचा रूबेन जरा फ्रेश आहे. मग नियमाप्रमाणे तिला त्याचा हात धरावा लागेल. तिला पुढे काहीही समजवावे लागणार नाही. ती त्याला त्याच्या फाटकापर्यंत नेईल, आणि जे वाक्य तिने एका डिसेंबरात चुकवले ते तिच्या तोंडून गेलेले असेल. गाईची धार काढताना ती ते वाक्य म्हणून पाही.

विक्रीच्या दिवशी, मंगळवारी, ती सकाळच्या बसने बाजारगावी गेली. लिलावाच्या रिंगणाभोवती माणसांची दाटी होती. दोनच बायका होत्या आणि त्या चहा विकत होत्या. गेरूने माखलेले मेंढे एकामागून एक आत येत होते. रूबेन तिला लगेच ओळखू आला. तो वडिलांसारखा वाकला होता. त्याचा मेंढा दुपारी एकच्या सुमारास विकला गेला आणि घेणारा व तो दोघे रस्ता ओलांडून पबमध्ये गेले.

आनिस समोरच्या चर्चच्या भिंतीशी टोपली घेऊन उभी राहिली. वारा उत्तरेचा होता. ती बसली असती, पण बसलेल्या बाईकडे लोक येऊन चौकशी करतात. दोन तास ती तशीच उभी होती. हातमोज्यांपैकी एक तिने कुठेतरी हरवला, आणि वाऱ्याने टोपी एका कानावर आली ती सरळ करायचे तिला सुचले नाही.

तिच्या शेजारी टॉट कियर्टन नावाचा जाडजूड दलाल पाइप ओढत उभा होता. तो तिला ओळखत नव्हता. एवढ्या थंडीत कोणाची वाट पाहता, असे त्याने विचारले. तिने पबच्या दाराकडे पाहत रूबेन संटरचे नाव घेतले, आणि तो बराच वेळ आत आहे, असे म्हटले.

"रूबेन होय?" टॉट म्हणाला. "आत असेल चहाची किटली घेऊन. त्याचा मेंढा विकत घ्यायचा म्हणजे चहा प्यावा लागतो, बाई. आधी लोक हसायचे. आता त्याच्या मेंढ्याला कोणी खोट काढत नाही, इतके चांगले निघतात. एक थेंब घेत नाही तो."

"केव्हापासून?"

"मी धंद्यात आलो तेव्हापासून तरी. तीसेक वर्षं. त्याच्याही आधीपासून, म्हणतात."

ज्या पटावर त्याच्या नावावर लाल रेघ होती, त्या पटावरची शपथ त्याने पाळली होती. पटावरच्या न खोडलेल्या नावांपैकी किती जणांनी ती पाळली हे कोणालाही सांगता आले नसते. आनिसने पाच आठवडे जे वाक्य जुळवले होते ते आता कोणाबद्दलच वापरता येणार नव्हते. ती घरी जाऊ शकली असती. बस साडेतीनला होती. पण त्याच वेळी दार उघडले आणि रूबेन बाहेर आला. तो सरळ चालत होता. ती रस्ता ओलांडू लागली. पाय थंडीने बधिर झाले होते, त्यामुळे फरसबंदीवर ती दोनदा अडखळली आणि तिला पबच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"रूबेन," ती म्हणाली.

त्याने आधी तिची टोपली पाहिली, मग तिला.

"आनिस."

"मला वाटलं होतं, तू फ्रेश असशील."

"नाही."

"तुला घरी पोचवायचं होतं मला."

टॉट कियर्टन पाइप हातात घेऊन तिच्या मागोमाग रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता. रूबेनने आनिसची कलती टोपी पाहिली, भिंतीला टेकलेला उघडा हात पाहिला. मग तो टॉटकडे वळला आणि त्याला नीट ऐकू जाईल असे सावकाश म्हणाला,

"ही आमची आनिस. जरा फ्रेश आहे."

टॉट मोठ्याने हसणार होता. बाईबद्दल असे कोणी म्हणत नाही, आणि ही बाई तर उघडच चॅपलवाली होती. पण रूबेन हसत नव्हता. टॉटने पाइप तोंडात घातला आणि टोपीला हात लावला. साक्षीदार झाला होता. आता रूबेनला तिला घरी पोचवणे भाग होते.

ती बसच्या थांब्याकडे वळली. बसने पोचवणे म्हणजे पोचवणे नव्हे, तो म्हणाला, आणि त्याने तिची टोपली घेतली.

चार मैलांत ते बोलले ते असे: कोणाच्या शेतात आता दुसऱ्या जातीच्या मेंढ्या आहेत, जोनास आयव्हसन कोणत्या साली गेला आणि त्याच्या मयताला किती माणसे होती, वडिलांचे घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडते. रूबेनने लग्न केले नव्हते. आनिसला हे ठाऊक होते, तरी त्याने सांगितले तेव्हा तिने प्रथमच ऐकल्यासारखे ऐकले. तिने आपला हात त्याच्या कोपरात घातला होता, आणि पाय बरे झाल्यावरही काढला नाही. ओढ्यावरच्या पुलाशी ती थांबली.

"त्या सभेत मी," ती म्हणाली.

"इथला गडगा ढासळलाय," रूबेन म्हणाला. "कोणी रचत नाही का हल्ली?"

त्याने पडलेले दोन दगड उचलून जागेवर बसवले, तिसरा बसेना तो बाजूला ठेवला, आणि ते पुढे चालू लागले.

घराच्या फाटकाशी ते पोचले तेव्हा पाऊण तासाचा उजेड उरला होता. रूबेनने टोपली खांबावर ठेवली. फाटक त्यानेच त्या काळी बसवले होते. कडी नवी होती. तो कडीला हात न लावता उभा राहिला.

"आत कोण आहे?" त्याने विचारले.

"कोणी नाही."

पोचवणाऱ्याने कोणाला तरी सांगावे लागते. त्याशिवाय ते पुरे होत नाही. रूबेनने बंद दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. खिडकीत लोमॅक्ससाठी काढलेली चीजची झाकणी अजून तशीच होती. मग त्याने टोपी काढली आणि त्या घराला सांगितले,

"तुमची आनिस आणलीय. जरा फ्रेश आहे."

आतून उत्तर येणार नव्हते. ते देणारी बाई फाटकाच्या बाहेर उभी होती. आनिसने ते तिथूनच दिले, त्याच्या शेजारी उभे राहून, घराकडे तोंड करून.

"मग चहा गडद करते."

रूबेनने मान हलवली. नियमाप्रमाणे पोचवणारा आत जात नाही. ती त्याला ये म्हणाली असती, आणि कदाचित तो आलाही असता; पण एका दिवसात एवढे सगळे नीट झालेले तिने पाहिले नव्हते आणि त्यावर आणखी काही मागण्याचे धैर्य तिला झाले नाही. निदान खिंड तरी उजेडात ओलांडली पाहिजे, असे तो म्हणाला. ती फाटकाशी उभी राहून त्याला चढणीवर लहान होत जाताना पाहत होती. वळणावर तो क्षणभर थांबला. श्वास घ्यायला की मागे पाहायला, हे त्या अंतरावरून कळण्यासारखे नव्हते.

घरात जाऊन तिने चहा केला. तो इतका गडद झाला की तिला पिववेना.

नोव्हेंबरात लोमॅक्स परत आले. वहीत आठ रेघा भरायच्या होत्या. त्या प्रश्नाशी आल्यावर आनिसने त्यांना शब्द सांगितला, आणि कोणी कोणाला पोचवायचे, फाटकाशी काय म्हणायचे, आतून काय म्हणायचे, हेही सांगितले. लोमॅक्स खूश झाले. पलीकडच्या म्हाताऱ्यानेही अगदी हेच सांगितले होते. तो शब्द घालून एक वाक्य द्या, असे त्यांनी म्हटले.

"आमची आनिस जरा फ्रेश आहे," ती म्हणाली.

लोमॅक्सनी लेखणी थांबवली. हा शब्द बाईबद्दल वापरत नाहीत, असे त्या धनगराने ठासून सांगितले होते, आणि आणखी दोन खोऱ्यांतूनही त्यांनी तेच टिपले होते. त्यांनी मृदूपणे विचारले की असे कोणी कधी खरोखर म्हणालेले तिने ऐकले आहे काय.

आनिसने खिडकीतून पाहिले. चढणीवर बर्फ होते आणि वाट दिसत नव्हती.

"एकदा," ती म्हणाली.

एका उदाहरणावरून नियम करता येत नाही, हे लोमॅक्सना पटलेले होते. त्यांनी रेघेच्या जागी शब्द लिहिला, पुढे 'फक्त पुरुषांबद्दल' असे लिहिले, आणि वही तिच्यासमोर धरून बरोबर आहे ना असे विचारले. तिने चष्मा लावून ते वाचले आणि बरोबर आहे म्हणून सांगितले.